मिसिसिपींतील स्वातंत्र्यशाळा

उन्हाळ्याची सुटी म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें आजोळचें अंगण, माळ्यावरची आंब्यांची आढी, विहिरींतलें पोहणें आणि वडील मंडळी दुपारीं निजलीं असतां चोरून वाचलेल्या कादंबऱ्या उभ्या राहतात. अलीकडे त्या सुटीस शिबिरांची जोड मिळाली आहे. चित्रकला, नाट्य, संगणक, जें म्हणाल तें शिकविणारे वर्ग एप्रिल लागतांच शहरोशहरीं निघतात, आणि ज्यांच्या आईबापांस त्यांची फी झेपते तीं मुलें आणखी चार गोष्टी शिकून जूनमध्यें शाळेंत परततात. ज्यांस ती झेपत नाहीं त्यांच्यासाठीं कोणी मोफत वर्ग काढले तर आम्ही त्यास सत्कृत्य म्हणतों, यथाशक्ति वर्गणी देतों आणि ती गोष्ट विसरून जातों. अशा मोफत उन्हाळी वर्गांपायीं कोणाचें प्रार्थनामंदिर जाळलें जाईल, कोणाच्या घराखालीं सुरुंग लागेल, माणसें मारून मातीच्या बांधाखालीं पुरलीं जातील, ही कल्पनाहि आम्हांस शिवत नाहीं. परंतु १९६४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत हें सर्व घडलें. मुलांस प्रश्न विचारावयास शिकविणें एवढाच तेथील गुन्हा होता. त्या शाळांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मिसिसिपी राज्याच्या वायव्येस नदीच्या गाळानें बनलेला, डेल्टा या नांवानें ओळखला जाणारा सपाट मुलूख आहे. वऱ्हाडांतील वाचकांस त्याची कल्पना सहज येईल, कारण तेथेंहि त्या काळीं सारें जीवन कापसाभोंवतीं फिरत असे. उन्हाळ्याच्या आरंभीं रोपांची विरळणी आणि खुरपणी, उन्हाळा सरतांच वेचणी. या दोन्ही कामांस लहान हात उपयोगी पडत. म्हणून पुष्कळ परगण्यांतून कृष्णवर्णी मुलांच्या शाळा त्या त्या हंगामांत बंद राहत, आणि ती तूट भरून काढण्यासाठीं ऐन जुलै-ऑगस्टच्या काहिलींत भरत. गोऱ्या मुलांस त्या वेळीं सुटी असे. म्हणजे शाळा कधीं आणि सुटी कधीं, हें मुलाच्या वयावरून किंवा ऋतूवरून ठरत नसून कापसाच्या बोंडावरून ठरत असे. ज्या मुलांस सुटीच ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं उन्हाळी वर्ग काढावयाचे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीं क्षणभर करून पाहावा.

शाळा तरी कशा होत्या? गोऱ्या व काळ्या मुलांस वेगळें बसविणें घटनाबाह्य आहे असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १७ मे १९५४ रोजीं दिला होता. त्यानंतर दहा उन्हाळे लोटले तरी मिसिसिपींतील एकाहि सरकारी प्राथमिक वा माध्यमिक शाळेंत हीं मुलें एका बांकावर बसलेलीं नव्हतीं. पैशाचा हिशेब पाहिला तर मन थक्क होतें. राज्याकडून मिळणाऱ्या किमान अनुदानाखेरीज प्रत्येक ठिकाणचें शाळामंडळ स्थानिक निधींतून कांहीं भर घालीत असे. १९६१-६२ सालीं हॉली ब्लफ येथें ही भर दर गोऱ्या विद्यार्थ्यामागें १९१ डॉलर १७ सेंट होती, आणि दर कृष्णवर्णी विद्यार्थ्यामागें १ डॉलर २६ सेंट. अशा आकड्यांवर भाष्य करण्याची जरूर नाहीं.

या दैन्यास केवळ कंजूषपणा म्हणणें चुकीचें होईल. त्यामागें हिशेब होता. १८९० च्या मिसिसिपीच्या राज्यघटनेनें मताधिकाराला एक अट घातली होती. मतदारानें घटनेचें एखादें कलम वाचावें किंवा त्याचा अर्थ सांगावा, आणि तो अर्थ बरोबर कीं चूक हें नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यानें ठरवावें. तो अधिकारी अर्थातच गोरा असे. प्रथम शाळा मोडकी ठेवावयाची, आणि मग शिक्षण नाहीं म्हणून मत नाकारावयाचें, अशी ही दुहेरी गांठ होती. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्या राज्यांतल्या प्रौढ कृष्णवर्णी लोकांपैकीं मतदारयादींत नांव असलेले शेंकडा सातहि नव्हते. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे मुलांच्या चार पुस्तकांची आणि फळ्याखडूची तेथील सत्ताधाऱ्यांस एवढी धास्ती कां वाटावी, तें उमजूं लागतें.

मराठी वाचकास हा विषय अगदींच परका नाहीं. १८५५ सालीं पुण्यांत आपल्या राहत्या घरीं कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण करून. विद्या नाकारणें हेंच दास्याचें मूळ होय, ही गोष्ट त्यांनीं जितक्या स्पष्टपणें ओळखली तितकी क्वचितच कोणीं ओळखली असेल. ज्या मुक्तीचें त्यांस कौतुक वाटलें ती पुढें सतरा वर्षांच्या आंत मिसिसिपींत कायद्यानें पोकळ केली जावी, हा इतिहासाचा क्रूर विनोद आहे.

दुसरा धागा नागपूरचा. जेम्स लॉसन नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण कोरियाच्या युद्धाच्या वेळीं सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून १९५३ सालीं मेथॉडिस्ट मिशनतर्फें नागपुरास आला, आणि १९५६ पर्यंत तेथील हिस्लॉप कॉलेजांत त्यानें मुलांस खेळ शिकविले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करावा हा त्याचा मनांतला हेतु होता. १९५५ च्या डिसेंबरांत माँटगोमेरी शहरांतील कृष्णवर्णी लोकांनीं बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यानें वाचली ती नागपूरच्या वृत्तपत्रांत. स्वदेशीं परतल्यावर त्यानें नॅशव्हिल येथें विद्यार्थ्यांचे अहिंसेचे वर्ग चालविले. १९६० च्या एप्रिलमध्यें एला बेकर या अनुभवी कार्यकर्तीनें बोलाविलेल्या सभेंतून विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिति जन्मास आली, तेव्हां तिच्या ध्येयपत्रिकेचा मसुदा लॉसननेंच केला. मिसिसिपींतील उन्हाळी शाळा निघाल्या त्या याच समितीच्या पुढाकारानें. नागपूरच्या क्रीडांगणापासून डेल्टाच्या कापसापर्यंत ही वाट जाते हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

मुलांची शाळा निघण्यापूर्वीं मोठ्यांची निघाली होती, तीहि येथें सांगितली पाहिजे. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत जॉन्स नांवाचें बेट आहे. तेथें १९५७ च्या जानेवारींत एका सहकारी दुकानाच्या मागल्या दोन खोल्यांत रात्रीचा वर्ग सुरू झाला. पुढल्या खोलींत वाणसामान मांडलेलें असे, तें गोऱ्यांचा संशय येऊं नये म्हणून. शिकविणाऱ्या बर्निस रॉबिन्सन या शिक्षिका नव्हत्या. त्यांचा धंदा केशरचनेचा. मुद्दामच शिक्षिका निवडली नव्हती, कारण शिक्षकास शिकविण्याची घाई असते. या बाईंनीं पहिल्या रात्रीं विद्यार्थ्यांस विचारलें कीं तुम्हांस काय शिकावयाचें आहे, आणि त्यांच्या उत्तरांतूनच अभ्यासक्रम बनविला. कोणास सही करावयाची होती, कोणास टपालानें माल मागविण्याचा छापील कागद भरावयाचा होता, कोणास घटनेचें कलम वाचावयाचें होतें. या वर्गामागें उभ्या असलेल्या सेप्टिमा क्लार्क यांनीं हीच पद्धति पुढें दक्षिणेच्या अनेक राज्यांत नेली.

मिसिसिपींतील योजनेचा जनक चार्ली कॉब हा हॉवर्ड विद्यापीठांतील शिक्षण अर्धें टाकून समितीच्या कामास आलेला वीस वर्षांचा तरुण होता. १९६४ च्या उन्हाळ्यांत मतदारनोंदणीसाठीं उत्तरेकडून शेंकडों विद्यार्थी स्वयंसेवक आणावयाचें ठरत होतें. ते येणारच आहेत तर त्यांच्याकडून शाळाहि चालवाव्या, असें टांचण कॉबनें १९६३ च्या डिसेंबरांत सहकाऱ्यांपुढें ठेवलें. त्याचें निदान मार्मिक होतें. तो म्हणे, येथल्या शाळांत इमारती व पुस्तकें यांची उणीव आहे ती आहेच, परंतु त्याहून मोठें पाप हें कीं मुलानें कांहीं विचारलें तर त्यास गप्प बसविलें जातें. कृष्णवर्णी शिक्षकांची नोकरी गोऱ्या मंडळाच्या मर्जीवर अवलंबून. तेहि बिचारे भीतीनें मुलांचीं तोंडें बंद करीत. तेव्हां नव्या शाळेनें बुडालेला अभ्यास भरून काढावा, तसेंच मुलांस स्वतःचे प्रश्न स्वतः मांडण्यास समर्थ करावें. या शाळांस त्यानें नांव दिलें फ्रीडम स्कूल, म्हणजे स्वातंत्र्यशाळा.

१९६४ च्या मार्चमध्यें न्यूयॉर्क येथें चर्चसंस्थांच्या राष्ट्रीय परिषदेच्या आश्रयानें अभ्यासक्रमाची बैठक झाली, आणि शाळांचें संचालकपद स्टॉटन लिंड या इतिहासाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलें. अभ्यासक्रमाचा गाभा पाहिला म्हणजे आजहि नवल वाटतें. लेखन, वाचन, गणित हीं तर होतींच. त्याखेरीज कृष्णवर्णीयांचा इतिहास होता, जो त्या मुलांनीं शाळेच्या पुस्तकांत कधीं पाहिला नव्हता. परंतु मुख्य भाग ‘नागरिकत्व’ या नांवाचा, आणि तो सबंध प्रश्नांनीं बांधलेला होता. मुलांनीं प्रथम आपलें घर, आपली शाळा, आपल्या बापाची मजुरी यांकडे पाहावें आणि गोऱ्या वस्तींतील घर, शाळा, मजुरी यांशीं ताडून पाहावें. मग उत्तरेंतील शहरांकडे पळून गेलेल्या आप्तांस तेथें काय मिळालें, तें तपासावें. आणि शेवटीं तीन गोष्टींचा विचार करावा: गोऱ्यांजवळ आहे आणि आपल्याला हवें आहे असें काय? गोऱ्यांजवळ आहे पण आपल्याला नको असें काय? आणि आपल्याजवळ आहे व आपण जपून ठेवावें असें काय?

आमच्या मतें या शाळांचें सारें मोल या तिसऱ्या विचारांत आहे. दीनांसाठीं निघालेल्या बहुतेक शाळांचा मनांतल्या मनांत असा समज असतो कीं, मुलांजवळ कांहींच नाहीं आणि आमच्याजवळ सारें आहे. आम्ही ओतावें, त्यांनीं भरून घ्यावें. येथें मुलांस विचारलें जात होतें कीं तुमच्याजवळ राखून ठेवण्याजोगें काय आहे. पांढरपेशा घरांतून आलेल्या गोऱ्या शिक्षकांसहि या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नव्हतें. तें मुलांकडूनच ऐकावयाचें होतें. शिक्षकांस दिलेल्या सूचनांत व्याख्यान झोडूं नका, विचारा आणि ऐका, असें बजावलें होतें. कित्येकांस तें फार जड गेलें.

शिक्षकांचें प्रशिक्षण ओहायो राज्यांतील ऑक्सफर्ड या गांवीं स्त्रियांच्या एका कॉलेजांत जूनमध्यें झालें. पहिला आठवडा नोंदणीच्या स्वयंसेवकांचा, दुसरा शाळांच्या शिक्षकांचा. हा दुसरा आठवडा सुरू होत असतांच मिसिसिपींतून बातमी आली कीं तीन कार्यकर्ते नाहींसे झाले.

ही घटना अमेरिकेच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. परंतु तिचा शाळेशीं असलेला संबंध बहुधा सांगितला जात नाहीं. निशोबा परगण्यांत लाँगडेल येथें माउंट झायन नांवाचें कृष्णवर्णी शेतकऱ्यांचें लहानसें चर्च होतें. मायकेल श्वर्नर या चोवीस वर्षांच्या कार्यकर्त्यानें मे महिन्याच्या अखेरीस तेथें जाऊन तुमचें चर्च स्वातंत्र्यशाळेसाठीं द्या अशी विनंति केली, आणि मंडळी कबूल झालीं. १६ जूनच्या रात्रीं क्लूक्लक्सक्लॅनच्या लोकांनीं तेथील उपासकांस मारहाण केली आणि चर्च जाळून टाकलें. २१ जूनला श्वर्नर, त्याचा मेरिडियन येथील एकवीस वर्षांचा कृष्णवर्णी सहकारी जेम्स चेनी, आणि आदल्याच दिवशीं मिसिसिपींत पाऊल टाकलेला वीस वर्षांचा अँड्र्यू गुडमन, हे तिघे त्या राखेची चौकशी करावयास गेले. परततांना उपशेरीफनें त्यांस अडवून फिलाडेल्फिया या गांवच्या तुरुंगांत ठेवलें, रात्रीं सोडलें, आणि पाठलाग करून त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. प्रेतें ४ ऑगस्टला एका मातीच्या बांधाखालीं सांपडलीं. शाळेस जागा मिळावी येथून ही हकीकत सुरू झाली होती.

ओहायोंतील शिक्षकांस ती बातमी सांगून, ज्यांस परत जावयाचें असेल त्यांनीं खुशाल जावें, असें सांगण्यांत आलें. बहुतेक सर्व जण मिसिसिपीस गेले.

वीस-पंचवीस शाळा आणि हजारभर मुलें एवढाच योजनेचा अंदाज होता. प्रत्यक्षांत एकेचाळीस शाळा निघाल्या आणि मुलांची संख्या दोन हजारांवर गेली. हॅटिसबर्ग येथें शंभर-दीडशें मुलें येतील असें वाटलें होतें. नांवें नोंदवावयास आलीं साडेपांचशेंहून अधिक. त्यांत ब्याऐंशी वर्षांचे एक वृद्ध गृहस्थहि होते. अक्षरें त्यांनीं आपलीं आपणच शिकून घेतलीं होतीं. आतां मतदारनोंदणीचा अर्ज नीट भरतां यावा म्हणून ते आले होते. इमारती कोठून येणार? चर्चच्या तळघरांत, घरांच्या ओसरीवर, झाडाखालीं, जेथें बसतां येईल तेथें वर्ग भरत. फी नव्हती, हजेरीची सक्ति नव्हती, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्रहि नव्हतें. उत्तरेंतून देणगीदाखल आलेल्या पुस्तकांचे ढीग मुलें उघडून बसत. मिसिसिपींतच जन्मलेल्या रिचर्ड राइट या थोर लेखकाचें नांव कित्येकांनीं तेथें प्रथमच ऐकलें. सकाळीं इतिहास आणि नागरिकत्व, दुपारीं नाट्य, टंकलेखन, वृत्तपत्र काढणें. संध्याकाळीं शेतांवरून परतलेले प्रौढ. आणि एक गोष्ट योजकांच्या ध्यानींमनींहि नव्हती ती अशी कीं मुलांनीं फ्रेंच भाषा शिकविण्याचा हट्ट धरला. गोऱ्यांच्या शाळांत ती शिकवितात, आम्हांस ती कां नको, असा त्यांचा सरळ सवाल होता. कापूस खुरपणाऱ्या मुलास फ्रेंचचा काय उपयोग, असें विचारणारे शहाणे आमच्याकडेहि पुष्कळ निघतील.

सर्वच ठिकाणीं सारखें यश आलें असें मात्र नव्हे. मकोम हें राज्याच्या नैऋत्येस असलेलें शहर त्या उन्हाळ्यांत स्फोटांनीं हादरत होतें. ८ जुलैच्या पहांटे तेथील कार्यकर्त्यांचें घर सुरुंगानें उडविण्याचा यत्न झाला. भयभीत झालेल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनीं शाळेस जागा देण्याचें नाकारलें. तेव्हां मोडक्या घरापुढल्या गवतावर मुलांस बसवून वर्ग सुरू झाले. शाळेंतल्या सोळा वर्षांच्या एका मुलीनें त्या दिवसांत एक कविता लिहिली. आपण मानासाठीं वा पैशासाठीं आलों नाहीं, स्वातंत्र्य मागावयास आलों आहों, आणि तुम्ही मोठीं माणसें भीत आहां म्हणून आम्हांस थांबतां येत नाहीं, असा तिचा आशय. ती वस्तींत वाचली गेली, आणि ज्यांनीं दारें लावून घेतलीं होतीं त्यांनींच जागा मिळवून दिली. मुलांनीं वडिलांस लाजविलें खरें. पण त्या वडिलांस भ्याड म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. स्वयंसेवक ऑगस्टअखेर आपल्या सुरक्षित गांवीं परतणार होते. ज्यांनीं त्यांस घरांत ठेवून घेतलें, जेवूं घातलें, रात्रीं ओसरीवर जागून पहारा दिला, त्यांस तेथेंच राहावयाचें होतें.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. चळवळींतल्या पुष्कळांच्या लेखीं मतदारनोंदणी हें शूरांचें काम आणि शाळा हें त्यामानानें हलकें. म्हणून स्त्री-स्वयंसेविकांपैकीं फार मोठा भाग शाळांवर पाठविला गेला. स्वातंत्र्याच्या चळवळींतहि चूल आणि मूल वेगळ्या वेषानें शिरतात, याचें आमच्या वाचकभगिनींस आश्चर्य वाटूं नये.

काम हलकें होतें कीं काय, हें हॅटिसबर्गच्या सँड्रा अडिक्स या शिक्षिकेच्या हकीकतीवरून ठरवावें. १४ ऑगस्टला तिच्या सहा विद्यार्थ्यांनीं शहराच्या सार्वजनिक वाचनालयांत जाऊन पुस्तकें नेण्यासाठीं नांवें नोंदविण्याची मागणी केली. तें वाचनालय फक्त गोऱ्यांसाठीं होतें. पोलिसांचा मुख्य अधिकारी आला आणि ग्रंथमोजणीचें निमित्त सांगून त्यानें वाचनालयच बंद केलें. मुलांस भूक लागली होती म्हणून सर्व जण एका मोठ्या दुकानांतील उपाहारगृहांत गेले. तेथें वेगळाच प्रकार घडला. नागरी हक्कांचा कायदा २ जुलैलाच झाला होता. त्यामुळें वाढणाऱ्या बाईनें मुलांस काय हवें तें विचारलें, पण त्यांच्याबरोबर बसलेल्या गोऱ्या शिक्षिकेस वाढण्यास नकार दिला. मुलांनीं एकट्यानें खाण्याचें नाकारलें. सगळीं उठून बाहेर पडलीं, आणि रस्त्यावर येतांच शिक्षिकेस भटकेपणाच्या आरोपाखालीं अटक झाली. या अटकेवरून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७० सालीं त्याचा निकाल तिच्या बाजूनें लागला. पुस्तकासाठीं निघालेल्या मुलांस त्या दिवशीं पुस्तक मिळालें नाहीं तें नाहींच.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यांत मेरिडियन येथें सर्व शाळांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. त्याच गांवीं, त्याच दिवसांत, चेनीचें दफन झालें. हॉली स्प्रिंग्स येथील मुलांनीं आदल्या वर्षीं जून महिन्यांत खून झालेल्या मेडगर एव्हर्स या पुढाऱ्याच्या जीवनावर स्वतः रचलेलें नाटक करून दाखविलें. मग ठराव. घरें, शाळा, दवाखाने, मताधिकार या विषयांवर मुलांनीं दोनतीन दिवस वाद घातला. शाळांत प्रयोगशाळा हव्या, थंडींत ऊब हवी, येथपासून दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक बहिष्कार घालावा येथपर्यंत त्यांची मजल गेली. हॅटिसबर्गजवळील पामर्स क्रॉसिंगच्या मुलांनीं तर १७७६ च्या जाहीरनाम्याचा घाट घेऊन मिसिसिपीच्या अन्यायी कायद्यांविरुद्ध आपला स्वतंत्र जाहीरनामा लिहिला होता, तोहि चर्चेस आला. जुलैच्या आरंभीं मान वर करून बोलण्यास बिचकणारीं मुलें सहा आठवड्यांत परराष्ट्रधोरणावर बोलूं लागलीं, याची थट्टा करणें सोपें आहे. पण राज्याच्या विधिमंडळांत त्या वेळीं एकहि कृष्णवर्णी सभासद नव्हता हें थट्टा करणाऱ्यानें विसरूं नये.

सप्टेंबर आला, स्वयंसेवक गेले, कापूस फुटला. कांहीं शाळा हिवाळ्यापर्यंत चालल्या, बहुतेक मिटल्या. १९६५ च्या उन्हाळ्यांत सरकारनें गरीब घरांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठीं ‘हेड स्टार्ट’ नांवाचा आठ आठवड्यांचा मोफत कार्यक्रम देशभर काढला. मिसिसिपींत तो चालविणाऱ्या संस्थेंत या चळवळींतल्या अनेकांनीं काम केलें, आणि त्यामुळेंच तेथल्या सिनेटरांच्या तो डोळ्यांत सलला. त्या संस्थेची बाजू लढविणाऱ्या वकील मेरियन राइट एडेलमन यांनीं पुढें १९७३ सालीं मुलांच्या हितरक्षणासाठीं एक निधि स्थापन केला, आणि त्याच्या आश्रयानें १९९० नंतरच्या दशकांत स्वातंत्र्यशाळा हें नांव पुन्हा वर आलें. त्या नव्या शाळा उन्हाळ्यांत आणि शाळा सुटल्यावरच्या वेळांत भरतात. त्यांत कॉलेजांतले तरुण लहानांस पुस्तकें वाचून दाखवितात आणि मुलें पुस्तकें घरीं नेतात. काम चांगलें आहे. जुन्या नांवांतली धग मात्र वर्गणी देणाऱ्यांच्या यादीबरोबर थोडी निवते, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

त्या उन्हाळ्याचा खरा माग आम्हांस लागतो तो न्यायालयाच्या दप्तरांत. १९६४ च्या सप्टेंबरांत फिलाडेल्फिया गांवच्या, म्हणजे ज्या गांवच्या तुरुंगांत ते तिघे शेवटले दिसले त्याच गांवच्या, कृष्णवर्णी मुलांच्या हायस्कुलांत कांहीं विद्यार्थी छातीवर बिल्ले लावून आले. बिल्ल्यावर ‘माणशीं एक मत’ या अर्थाचे शब्द आणि विद्यार्थी समितीचें नांव होतें. मुख्याध्यापकांनीं बिल्ले काढावयास सांगितलें. तीसचाळीस मुलांनीं नकार दिला आणि त्यांस घरीं पाठविण्यांत आलें. पुढें थोड्याच महिन्यांत इसाक्वेना परगण्यांत तसल्याच बिल्ल्यांवरून तीनशेंच्या आसपास मुलें काढलीं गेलीं. तेथें युनिटा ब्लॅकवेल या, कापसाच्या शेतांत राबलेल्या बाईंनीं मुलाच्या वतीनें खटला भरला, आणि इतर आईबापांबरोबर स्वतःच स्वातंत्र्यशाळा काढल्या. त्या १९७० पर्यंत दर उन्हाळ्यांत चालत राहिल्या. दोन्ही खटल्यांचे निकाल अपील कोर्टानें १९६६ च्या जुलैंत एकाच दिवशीं दिले. इसाक्वेनांत वर्गांत गोंधळ झाला म्हणून तीं मुलें हरलीं. फिलाडेल्फियाचीं जिंकलीं, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळेच्या दारांत विद्यार्थ्याचें भाषणस्वातंत्र्य संपत नाहीं असा प्रसिद्ध निर्णय दिला तेव्हां त्याच निकालाचा आधार घेतला.

मुख्याध्यापकांची साक्ष निकालपत्रांत आहे. बिल्ल्यांचा मुलांच्या शिक्षणाशीं कांहीं संबंध नव्हता, असें त्यांनीं सांगितलें. ते लावूं दिले असते तर मुलें एकमेकांस ते दाखवीत बसलीं असतीं, आणि आपण तो कां लावला आहे हें प्रत्येक मूल शेजारच्या मुलास समजावून सांगत राहिलें असतें.